अर्धा मिनिट आधी

पबच्या आतल्या खोलीतलं टीव्हीच्या एरियलचं कनेक्शन दुपारी चारच्या सुमाराला गेलं. आधी चित्राचे चौकोन झाले, मग आवाज तुटायला लागला, मग पडदा काळा. मी दोनदा केबल बदलली, भिंतीतलं सॉकेट उघडून बघितलं, सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही. बाहेर अंगणात मांडवाखाली लावलेला टीव्ही मात्र मागच्या भिंतीवरच्या दुसऱ्या एरियलवर छान चालला होता. तिथून आतपर्यंत पोचेल एवढी लांब केबल माझ्या गाडीत नव्हती आणि शनिवारी संध्याकाळी ती मिळणारही नव्हती. शेवटी आतला प्रोजेक्टर मी इंटरनेटवर लावला. चित्र स्वच्छ आलं, आवाजही चांगला आला, फक्त बाहेरच्यापेक्षा साधारण अर्धा मिनिट मागे. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण मागेच असतं, त्याला इलाज नाही. पबच्या मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "दोन वेगळ्या खोल्या आहेत, चालून जाईल." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

२२ मे २०२१. मँचेस्टरजवळच्या एका गावातला पब. मी साउंडचं काम करतो, आणि त्या आधीचे चौदा महिने हातात काम असं नव्हतंच. इंग्लंडात पब आतून उघडायला १७ मेला परवानगी मिळाली होती, म्हणजे जेमतेम पाच दिवस झालेले. आत एका टेबलाला जास्तीत जास्त सहा जण किंवा दोन घरांतली माणसं, सगळं जागेवर आणून द्यायचं, उठलं की तोंडाला मास्क. त्या मे महिन्यात पाऊस हटायला तयार नव्हता, तरी मांडवात पंधरा-वीस माणसं जाकिटं घालून बसली होती. एक वयस्क गृहस्थ तर चक्क ब्लँकेट पांघरून एकटेच बसले होते.

कार्यक्रम होता युरोव्हिजनची फायनल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: १९५६ पासून चाललेली देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा. प्रत्येक देशाचं एक गाणं, तीन मिनिटांच्या आत, रंगमंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायचं, वाद्यं मात्र ध्वनिमुद्रित. २०२० साली करोनामुळे ती इतिहासात पहिल्यांदाच रद्द झाली. त्यामुळे या वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ती होतेय, साडेतीन हजार का होईना प्रेक्षक सभागृहात बसलेत, याचंच लोकांना अप्रूप होतं. ब्रिटनने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आहे, पण शेवटचं जिंकले त्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. १९९७.

आत आलेला गट पक्क्या चाहत्यांचा होता. चार टेबलं, बावीस माणसं. माझ्या साउंड मिक्सरच्या शेजारच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणत होतो. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती, पानापानावर पट्टीने आखलेले रकाने: देश, गाणं, माझे गुण, खरे गुण. १९८१ साली ब्रिटन जिंकला तेव्हा त्या शाळेत होत्या, तेव्हापासून दर वर्षी एक पान. त्यांनी पानं उलटून मला २००३ दाखवलं. ब्रिटनपुढे लाल शाईत शून्य. "हे एकच," त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं. मधूनमधून त्या मास्क लावून बाहेर जाऊन यायच्या. सिगारेट ओढायला जात असाव्यात, असं मी धरून चाललो.

ब्रिटनचा गायक होता जेम्स न्यूमन. बीबीसीने त्याला २०२० साठी निवडलं होतं, स्पर्धा रद्द झाल्यावर २०२१ साठी पुन्हा त्यालाच घेतलं. माणूस मुळात गीतकार, दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या गाण्यावर ब्रिट हा ब्रिटनमधला मोठा संगीत पुरस्कार मिळवलेला. त्याचा नंबर नववा होता. मागे दोन अवाढव्य तुताऱ्या, त्यांच्याभोवती नर्तक. आमच्या खोलीत लोकांनी टेबलं वाजवली, आणि मी आवाज वाढवायचा फेडर थोडा वर सरकवला.

साउंडवाला म्हणून खरं सांगायचं तर मला त्या तीन मिनिटांत बरं वाटलं नाही. ते गाणं तुताऱ्यांच्या एका तुकड्यावर उभं आहे. तो तुकडा आला की ट्रॅक, म्हणजे मागचं ध्वनिमुद्रित संगीत, फुगतो, आणि तेव्हा गायकाचा आवाज त्याच्यावर चढायला हवा. मला तो ट्रॅकच्या खाली ऐकू येत होता. आधी वाटलं माझ्याच सेटिंगमध्ये काही आहे, म्हणून हेडफोन लावून थेट ऐकलं. तिथेही तसंच. गाणं वाईट नव्हतं. रेडिओवर लागलं असतं तर कुणी बंद केलं नसतं. पण सव्वीस गाण्यांमधून आठवून, उचलून वर ठेवावं असं त्यात काय होतं, हे मला सापडेना. काकूंनी वहीत सात लिहिले. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "एक जास्तच दिलाय," त्या म्हणाल्या. "आपलाच पोरगा आहे ना."

मग गुण यायला लागले. ही पद्धत समजल्याशिवाय त्या रात्रीचं दुःख समजणार नाही. आधी परीक्षकांचे गुण येतात. त्या वर्षी, फायनलला न पोचलेले धरून, एकोणचाळीस देश होते, प्रत्येकाचे संगीतक्षेत्रातले पाच परीक्षक. प्रत्येक देश फक्त दहा गाण्यांना गुण देतो: बारा, दहा, मग आठपासून एकपर्यंत. अकरावं आलेलं गाणं आणि सव्विसावं आलेलं गाणं, दोघांनाही सारखंच काही नाही. आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, परीक्षकांनाही नाही आणि घरी फोन घेऊन बसलेल्या प्रेक्षकांनाही नाही. म्हणजे ज्या लोकांना ते गाणं सगळ्यात जवळचं, त्यांचंच मत त्याला मिळू शकत नाही. शून्य पडलं म्हणजे गाणं कुणाला आवडलंच नाही असं नव्हे. ते कुणाच्याच पहिल्या दहांत बसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण पडद्यावर शून्य दिसतं तेव्हा हा हिशोब कोण करतो?

एकेक देश येत गेला. खोलीतला आवाज कमी होत गेला, ते मला मिक्सरच्या मीटरवरही दिसत होतं, कारण खोलीतला एक माइक मी चालूच ठेवला होता. मधेच कुणीतरी म्हणालं, "आयर्लंड तरी देईल." आयर्लंड आलं, गेलं. एकोणचाळीस देश संपले आणि ब्रिटनचा रकाना कोरा.

तेवढ्यात मागच्या टेबलावर वाद पेटला. एक तरुण ठामपणे सांगत होता की हा ब्रेक्झिटचा राग आहे, आपण सोन्याचं गाणं पाठवलं असतं तरी हेच झालं असतं. दुसरा म्हणाला, २००३ मध्येही इराक युद्धाचं कारण सांगितलं होतंच की. तेव्हाचं मला माहीत होतं, कारण आमच्या धंद्यात ते उदाहरण निघतं. त्या वर्षी लाटव्हियातल्या रीगाला ब्रिटनकडून जेमिनी नावाची जोडी गायली आणि सुरापासून सुटली. रंगमंचावर आम्हाला ट्रॅक ऐकूच येत नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. बीबीसीवर स्पर्धेचं समालोचन करणाऱ्या टेरी वोगन यांनी मात्र युद्धानंतरच्या नाराजीकडे बोट दाखवलं, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. मला विचाराल तर ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही त्याच्या हाल-अपेष्टा मी रोज बघतो, त्यासाठी युद्धाची गरज नसते. शेजाऱ्यांची नाराजी मतांत अजिबात उतरत नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री पहिले दोन आले ते इटली आणि फ्रान्स, दोघेही ब्रिटनसारखेच थेट फायनलमध्ये जागा मिळणारे मोठे देश. आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनचा सॅम रायडर इटलीतल्या तूरिनला गायला, परीक्षकांमध्ये पहिला आला, ४६६ गुण घेऊन युक्रेनच्या पाठोपाठ दुसरा. ब्रेक्झिट तेव्हाही होतंच. काकूंनी त्या तरुणाला मागे न वळताच सांगितलं, "गाणं कमी पडलं रे. त्याला तरी आपलं राहू दे."

आता राहिले प्रेक्षकांचे गुण. ते परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्या देशापासून जाहीर करतात. म्हणजे ब्रिटन पहिला. आमची खोली पुन्हा जिवंत झाली. लोक खुर्चीच्या कडेला सरकले. कुणी म्हणालं, "तीस येतील." कुणी म्हणालं, "पाच आले तरी चालतील, पाचच."

मी तेव्हा आतली खोली आणि अंगण यांच्यामधल्या दाराशी उभा होतो. हवा खेळावी म्हणून ते उघडं ठेवलेलं. बाहेरच्या टीव्हीवर निवेदिका बोलली आणि मांडवातून एक आवाज आला. ओरडणं नव्हे. पंधरा-वीस माणसांनी एकदम श्वास सोडला की येतो तसा. मी मान वळवून पडदा बघितला. शून्य. दोन्हीकडून शून्य.

आत निवेदिका अजून बोलायचीच होती. बावीस जण माझ्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत होते. काकूंनी पेन टोपण काढून वहीवर टेकवलं होतं. एका मुलीने मैत्रिणीचा हात धरला होता. मांडवातून ब्लँकेटवाले गृहस्थ उठून घाईघाईने दाराकडे यायला लागले. मला वाटलं, हे आत येऊन सांगून टाकणार. मी दार ओढून घेतलं आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. काचेतून ते दोन पावलांवर थांबलेले दिसले. मी मान हलवून 'नको' अशी खूण केली.

तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो. काय होणार हे माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि ती सगळी माणसं अजून आशेवर होती.

मग आतही शून्य आलं. खोली गप्प झाली. मीटरचा काटा खाली जाऊन पडला. पडद्यावर रॉटरडॅमचं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि जेम्स न्यूमन हसत, हात वर करून उभा होता. त्याला तसं बघून आमच्यातल्या एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच, बराच वेळ. पाठोपाठ जर्मनी, स्पेन आणि यजमान नेदरलँड्स यांनाही प्रेक्षकांकडून शून्यच मिळालं, पण परीक्षकांचे थोडेफार गुण त्यांच्याकडे होते. परीक्षक आणि प्रेक्षक असे वेगळे गुण २०१६ पासून द्यायला लागले, त्यानंतर दोन्हीकडून शून्य घेणारा ब्रिटन पहिलाच. काकूंनी वही मिटली नाही. पिशवीतून लाल पेन शोधून काढलं, शून्य लिहिलं, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर मारली, आणि इटली जिंकेपर्यंत उरलेले सगळे रकाने नीट भरले.

मध्यरात्री मी केबली गुंडाळत होतो. काकू कोट चढवून माझ्यापाशी आल्या.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"हो."

"किती आधी?"

"अर्धा मिनिट. म्हणून दार लावलं. म्हटलं, तेवढा वेळ तरी..."

"बाहेर ब्लँकेट घेऊन बसले होते ते माझे मिस्टर," त्या म्हणाल्या. "फुप्फुसं अधू आहेत, डॉक्टरांनी बंद खोलीत बसायला मनाई केलीय. १९९७ साली आम्ही दोघं एका सोफ्यावर होतो. २००३ सालीही. आज ते माझ्याकडे येत होते."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, रागाने नाही. "तुम्ही चांगल्या मनाने केलंत. पण पुढच्या वेळी दार उघडं ठेवा."

बाहेर ते गृहस्थ ब्लँकेटची घडी हातात घेऊन उभे होते. काकूंनी वही त्यांच्याकडे दिली, त्यांनी दिव्याखाली पान उघडून बघितलं, आणि दोघं हळूहळू रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. शिडी लावून आतल्या एरियलची केबल छपरापर्यंत तपासत गेलो. वरच्या जोडात पावसाचं पाणी शिरलं होतं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. इंचभर केबल कापली, नवा कनेक्टर बसवला, वर टेप घट्ट गुंडाळला. खाली येऊन आतला प्रोजेक्टर आणि बाहेरचा टीव्ही लावले आणि दार उघडं टाकून मध्ये उभा राहिलो. आतला आणि बाहेरचा आवाज एकाच वेळी येत होता.