आमची वाटचाल : सात खटक्यांचा डबा

ट्रेलरच्या दिव्यांचं काम सहसा कुणी हौसेने घेत नाही. गाडीखाली उताणं पडायचं, डोळ्यांत माती जाऊ द्यायची, आणि तीन तासांनी दोष सापडतो तो एका गंजलेल्या स्क्रूखाली. वर "एवढ्यासाठी एवढं बिल?" हे ऐकून घ्यायचं. आम्ही दोघा भागीदारांनी मात्र ठरवून हेच काम धरलं.

पहिल्याच वर्षी भागीदाराने एक लाकडी डबा केला. आत 12 व्होल्टची बॅटरी, झाकणावर सात खटके, बाजूला सात पिनांचं सॉकेट. प्रत्येक खटक्याखाली त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं : 1 डावा इंडिकेटर, 2 मागचा फॉग, 3 अर्थिंग, 4 उजवा इंडिकेटर, 5 उजवा टेल (मागचा लाल दिवा), 6 ब्रेक, 7 डावा टेल. आयएसओ 1724 या सात पिनांच्या ट्रेलर प्लगच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा हा क्रम झोपेत विचारला तरी आम्ही सांगू. अर्थिंगला, म्हणजे सगळ्या दिव्यांचा करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीला, खरं तर खटका लागत नाही. पण त्याने मुद्दाम ठेवला, अर्थिंग तोडलं की काय होतं ते पोरांना दाखवता यावं म्हणून. बॅटरीच्या पॉझिटिव्हला 21 वॅटचा एक बल्ब सिरीजमध्ये घातलेला, म्हणजे सगळा करंट त्यातूनच जाणार, हवा तेव्हा बाजूला काढता येणारा. ट्रेलरचे सगळे बल्ब काढून ठेवायचे आणि एकेक खटका दाबत जायचं. डब्यावरचा बल्ब पेटला की त्या लाइनवर शॉर्ट आहे, वायर कुठेतरी चासीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला, टेकलीय. फ्यूज जाळत बसायची गरज नाही.

या डब्याने आम्हाला नाववाले काका मिळवून दिले. नाव पाण्यात उतरवताना त्यांचा ट्रेलर अर्धा बुडतो. त्यांची तक्रार होती, "ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे विझतात, आणि इंडिकेटर लावला की सगळंच लुकलुकतं." आधी दोन ठिकाणी बल्ब बदलून झाले होते. ऐकताक्षणी भागीदार म्हणाला, "काका, अर्थिंग गेलंय." अर्थिंग तुटलं की टेलचा करंट त्याच बल्बच्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा परतीची वाट शोधतो. ब्रेक दाबला की दोन्ही टोकांना 12 व्होल्ट येतात, मग दिवा लागणार कसा? काकांच्या ट्रेलरचं अर्थिंग रंगावरच बोल्ट आवळून घेतलं होतं. वायर सोलली तर आतलं तांबं वीतभर हिरवं पडलेलं. आम्ही प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंग वायर ओढून थेट प्लगच्या 3 नंबरला आणली. तेव्हापासून काका दुसरीकडे गेलेले नाहीत.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं बरी गेली. मग ते प्रकरण झालं.

एका भाड्याने ट्रेलर ओढणाऱ्या कंपनीच्या 14 गाड्या आमच्याकडे होत्या, निम्मं काम त्यांचंच. त्यांनी नवीन गाडी घेतली. तिच्यात दिव्यांना करंट साध्या फ्यूजमधून जात नाही, बॉडी कंट्रोल मॉड्युल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, देतं. मी सांगितलं, बायपास मॉड्युल बसवू : गाडीच्या वायरींतून फक्त सिग्नल घ्यायचा, ट्रेलरचा करंट वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवरून. त्यांनी खर्च नको म्हणून नकार दिला आणि मी त्यांच्या मनासारखं केलं. तिथे मी हट्ट धरायला हवा होता, हे आजही मला खातं.

दीड महिन्याने गाडीचे ब्रेक लाइट बंद पडले. त्यांनी गाडी परस्पर दुसऱ्या गॅरेजला नेली. या गॅरेजचा आमच्या कामांवर आधीपासून डोळा होता. तिथे सांगण्यात आलं, "वायरिंगवाल्यांनी मॉड्युल जाळलं." नवं मॉड्युल बसलं, त्याची रक्कम आमच्या थकलेल्या बिलातून कापली गेली आणि 14 च्या 14 गाड्या गेल्या. गाडी पाहू द्या म्हणून मी तीनदा जाऊन उभा राहिलो, दारातूनच परत पाठवलं. चार महिन्यांत आमची दोन पोरं काम सोडून गेली. भागीदारही म्हणाला, "मला घर चालवायचंय रे." त्याच्यावर माझा राग नाही. डबा त्याने माझ्याकडेच ठेवला.

खरं काय ते कळलं त्यांच्याच ड्रायव्हरमुळे. एका संध्याकाळी तो तोच ट्रेलर घेऊन आला, म्हणाला, "शेठ, नव्या मॉड्युलवरही ब्रेक लाइट पुन्हा गेले." बल्ब काढले, प्लग डब्यात घातला, 6 नंबरचा खटका दाबला. काही नाही. ड्रायव्हरला केबल डावीकडे ओढायला सांगितली, आणि डब्यावरचा बल्ब लख्ख पेटला. सोडली की विझला. डाव्या दिव्याची पट्टी उघडली, तर नव्या दिव्याचा एक लांब स्क्रू ब्रेकच्या वायरीला चाटून चासीत गेलेला. दिवा बसवला होता त्याच गॅरेजने, आम्ही वायरिंग करून दिल्यानंतर. प्रत्येक डाव्या वळणावर शॉर्ट. काही गाड्यांत वारंवार शॉर्ट झाला की मॉड्युल ती लाइन स्वतःहून बंद करून टाकतं, आणि शॉर्ट काढून स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) रीसेट केल्यावरच ती परत चालू होते. म्हणजे पहिलं मॉड्युल जळलेलं होतं की नुसतं बंद झालेलं, हेसुद्धा कुणी तपासलं नाही. मी फोटो काढले, स्क्रू आणि वायरीचा तुकडा पाकिटात घालून कंपनीला दिला. उत्तर आलं नाही.

हे काम स्वतः करणाऱ्यांना सांगतो. रिकाम्या लाइनवर मल्टिमीटरने 12 व्होल्ट दाखवले म्हणून खूश होऊ नका. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर तेवढे दाखवतो. दिवे लावून मोजा : एक टोक दिव्याच्या अर्थिंगला, दुसरं गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. हुकाच्या गोळ्यातून मिळणाऱ्या अर्थिंगवर विसंबू नका, तिथे ग्रीस असतं. दाबून वायरीत चावणारे क्लिप कनेक्टर पहिल्या पावसापर्यंतच चालतात; क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत वायर घालून पक्कडीने दाबा, आणि वर गोंदाची हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. नाव उतरवणाऱ्यांनी आधी प्लग काढावा आणि बल्ब निवू द्यावेत, गरम काच गार पाण्यात तडकते.

काकांनी त्या काळात ओळखीचे सहा ट्रेलरवाले आणून दिले, त्यांच्यावर दुकान तरलं. आता 13 पिनांसाठी वेगळा डबा केलाय, पण पोरं आधी जुनाच काढतात. भागीदाराला त्या रात्री फोन केला होता. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "कितव्या खटक्यावर पेटला?" मी म्हटलं, सहाव्या. तो बराच वेळ काही बोलला नाही.

कापलेली रक्कम अजून आलेली नाही. उधारीच्या वहीतलं ते पान मी खोडलेलं नाही.