हजारी पाच

कालिन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात बरीच वर्षे काढून मी प्रतिनियुक्तीवर शासनात आले, तेव्हा फोर्टमधल्या त्या कार्यालयात ‘पुस्तकवाल्या मॅडम’ हे नाव मला लगेच चिकटले. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, याच्या खोलात मी कधी गेले नाही.

ती सुनावणी एका शासकीय महाविद्यालयाच्या निवृत्त ग्रंथपालांची होती. पडताळणीत पुस्तके कमी भरल्यामुळे त्यांचे ना-देय प्रमाणपत्र अडले होते आणि त्यापायी उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीही. वसुलीचा प्रस्ताव लेखाधिकाऱ्यांनी तयारच ठेवला होता.

“सर, कपाटांना कुलपे नव्हती का?” त्यांनी विचारले.

“होती. मीच काढायला लावली. मुले काचेतून नावे वाचून परत जात होती.”

मी गहाळ पुस्तकांची यादी मागून घेतली. दाखल क्रमांकांपुढे पाहावे तर बहुतेक पुस्तके लेखाशास्त्राची आणि स्पर्धा परीक्षांची, म्हणजे ज्यांच्यासाठी देवघेवीच्या खिडकीपाशी रांग लागते तीच. मग देवघेवीच्या नोंदवह्या मागवल्या. लेखाधिकाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटला असावा, पण खरा प्रश्न त्या वह्यांतच होता. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी पाहिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानली आहे. हिशेब कपाटातल्या संख्येवर नव्हे, वापरावर होतो. कुलूपबंद ग्रंथालयाला ही सवलत जवळजवळ मिळतच नाही. हा नियम आम्हाला थेट बंधनकारक नव्हता, तरी मोजमाप म्हणून तो नाकारण्याचे कारणही कोणाकडे नव्हते. वर्षवार आकडे मांडले, तेव्हा एकाही वर्षी ती मर्यादा ओलांडलेली दिसली नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला. आपल्याकडे तो १९६७ साली आला. आमच्या व्याख्यानांत एवढेच सांगितले जाते. कायद्यानंतरची लढाई मात्र अशा फायलींवर चालते, आणि तेथे देवघेवीची वही मागवण्याचे ज्याला सुचेल असा माणूस खुर्चीत असावा लागतो, असे माझे मत आहे.

टिपणी मी त्याच दुपारी लिहिली. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथाची चौकशी त्याच नियमानुसार टळत नाही आणि यादीत तसे दोन संदर्भग्रंथ होते. त्यांचा वेगळा उल्लेख करताना समोर बसलेल्या सरांचा चेहरा उतरला, पण ती सूट देणे माझ्या हाती नव्हते. फाइल एकदा शंकेसह परत आली, खुलासा गेला, आणि उरलेल्या पुस्तकांची वसुली रद्द होऊन उपदान सुटले. दोन ग्रंथांची चौकशी मी कालिन्याला परतले तेव्हाही चालूच होती.