हेन्रीचा नियम, दोन मार्कांसाठी

तळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते मोजायला मी लडाखला गेले आणि पहिले तीन दिवस बाकीचे सगळे माझ्याच रक्तात तो किती आहे ते मोजत बसले.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात २२ वर्षं केमिस्ट्री शिकवते. आमच्याकडे उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात, एवढं भिगवणचा नावाडीही सांगतो. पण ते निघतात कुठून, हे बघायची हौस मला फार दिवसांची. म्हणून एका संस्थेची 'लडाखमधल्या उंचावरच्या तळ्यांचा अभ्यास, स्वयंसेवक हवेत' अशी जाहिरात दिसली तेव्हा फार विचार न करता फॉर्म भरला. केमिस्ट्रीवाल्यांना प्राधान्य होतं. स्वयंसेवक म्हणजे आपण काम करायचं आणि वर ३२ हजार रुपयेही आपणच भरायचे, विमान वेगळं, हे नंतर कळलं. "पैसे भरून हमाली," असं नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बारावीचे पेपर तपासून झालेले, कॉलेज सुरू व्हायला वेळ. लेहमधले दोन दिवस गादीवर गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथल्या बाजारात पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर भेटावीत तेवढी मराठी माणसं भेटतात. तिसऱ्या दिवशी तांगलांग ला ओलांडली. खिंडीच्या पाटीपाशी फोटो काढायला सगळे उतरले, मी गाडीच्या मागे जाऊन उलटी केली. पुढे उतरत उतरत त्सो कार.

त्सो म्हणजे तळं, कार म्हणजे पांढरं. उंची साडेचार हजार मीटरच्या थोडी वर. खरं तर एकाशेजारी एक अशी दोन तळी आहेत. दक्षिणेचं स्तार्त्सापुक त्सो गोडं. त्याचं पाणी उत्तरेच्या मोठ्या त्सो कारमध्ये जातं आणि तिथून पुढे कुठेच जात नाही. उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. काठावर मिठाचा थर इतका पांढरा की गॉगल काढवत नाही. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर एकावर एक आडव्या रेघा दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या जुन्या काठाच्या खुणा. एके काळी पाणी तिथपर्यंत होतं. म्हणजे निसर्गाने एका बीकरमध्ये बाष्पीभवनाचा प्रयोग लावून ठेवलाय, शेजारच्या बीकरमध्ये तुलनेसाठी कंट्रोल ठेवलाय आणि पातळीच्या खुणाही करून ठेवल्यात. एवढी शिस्त माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मी कधी पाहिली नाही.

पहिल्या दिवशी मला काही कामच दिलं नाही. ऑक्सिमीटरवर ७६ आलं होतं. कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की आपण ॲम्ब्युलन्स शोधत होतो, आणि इथे गटप्रमुख मॅडम शांतपणे वहीत ७६ लिहून म्हणाल्या, "चालेल, झोपा. डोकं जास्त दुखलं तर सांगा." मी तंबूत पडून बाटल्यांवर लेबलं चिकटवली. शंभर-सव्वाशे लेबलं. त्यातली निम्मी उलटी चिकटवली असं दुसऱ्या दिवशी निघालं.

आता मूळ प्रसंग. खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

चौथ्या दिवशी सकाळी स्तार्त्सापुकच्या काठाने पाच ठिकाणचे नमुने घेतले. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत विंकलरची. लायोश विंकलर या हंगेरियन माणसाने ती १८८८ साली काढली आणि आजही इलेक्ट्रॉनिक मीटर बरोबर दाखवतोय का, हे तपासायला हीच वापरतात. बीओडीच्या, म्हणजे घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न जाऊ देता पाणी भरायचं, लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाईन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मग ॲसिड घालून पिवळं झालेलं पाणी हायपोने टायट्रेट करायचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण मोजून थेंबथेंब सोडायचं, शेवटी स्टार्च, निळा रंग, आणि एका थेंबाला तो निळा रंग गायब. हे मी झोपेतही करू शकते.

दुपारनंतर तिथे वारा सुटतो. वारा म्हणजे आपल्याकडचा नव्हे, तंबूचे खुंटे उपटणारा. ब्युरेट, म्हणजे ते थेंब सोडायची उंच काचेची नळी, उभी राहीना. सगळ्या वस्तीत वारा न लागणारी एकच जागा होती, ती म्हणजे आमचा स्वयंपाक करणाऱ्या आमा-लेंचा तंबू. तिथे मी स्टँड लावला. आमा-लेंना ते मुळीच आवडलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण पातेली जरा जास्तच आवाज करून ठेवायला लागल्या. त्यात स्टार्च ढवळायला मी त्यांचाच एक चमचा घेतला. लॅबमध्ये मुलांना असं करताना पाहिलं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं. चमचा पुढे निळा पडला. त्यांनी तो दोन बोटांत धरून बाहेर नेला आणि मिठाच्या मातीने घासला. दोनदा.

पहिलं रीडिंग आलं लिटरला ६.२ मिलिग्रॅम.

मला घाम फुटला. म्हणजे तिथल्या थंडीत जेवढा फुटेल तेवढा. पाण्याचं तापमान दहा अंशांच्या आसपास. एवढ्या थंड, स्वच्छ पाण्यात ११ च्या वर यायला पाहिजे. कोष्टकच पाठ आहे. सहा म्हणजे घाण. सहा म्हणजे आमच्याकडे कारखान्याच्या नाल्याखाली येतं तसलं काहीतरी. इथे ना कारखाना, ना नाला. दुसरी बाटली. ६.१. तिसरी. ६.२. हायपोचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासणं, परत केलं. ते बरोबर होतं. मग मी ज्याच्यावर राग काढता येईल असा माणूस शोधला.

तो म्हणजे नमुने भरणारा पुण्याचा मुलगा. इंजिनिअरिंगचा, विशीतला, शांत. "बाटलीत बबल राहिला असणार. किती वेळा सांगितलं, तिरकी धरून भरायची!" सगळ्यांसमोर बोलले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, बबल राहिला असता तर रीडिंग वाढलं असतं ना? कमी कसं होईल?"

बरोबरच होतं. हवेचा बुडबुडा म्हणजे जादा ऑक्सिजन. हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत मुलांना विचारते.

गटप्रमुख मॅडम तोपर्यंत कोपऱ्यात बसून थुक्पा खात होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवून एक मळका कागद पुढे केला. उंचीप्रमाणे हवेचा दाब आणि त्या दाबाला पाण्यात मावणारा ऑक्सिजन. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्केसुद्धा नाही. त्या दाबाला दहा अंशांच्या पाण्यात साधारण ६.४ मावतो. जास्त मावतच नाही. "सत्त्याण्णव टक्के भरलंय की तुमचं तळं," त्या म्हणाल्या आणि वाटी परत उचलली.

हेन्रीचा नियम. द्रवात वायू किती विरघळणार, ते त्याच्या दाबावर ठरतं. सोल्युशन्सचा धडा, बारावी, नियम आणि उपयोग लिहा, दोन मार्क. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण एक मार्क आणि उंचीवर जाणाऱ्या गिर्यारोहकांचं उदाहरण एक मार्क. रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यामुळे अशक्तपणा येतो आणि नीट विचार करता येत नाही. ही ओळ मी बावीस वर्षं फळ्यावर लिहिते. खडूने खाली दोन रेघाही मारते, कारण तपासणारे नेमके तेच दोन मुद्दे बघतात.

त्या क्षणी माझं बोट परत त्या चिमट्यात होतं आणि आकडा होता ७८. तळं ९७ टक्के, मी ७८. नियम दोघांनाही एकच. तळं त्याप्रमाणे वागत होतं, आणि मी बिचाऱ्या मुलावर ओरडत होते.

त्याची माफी मी त्या संध्याकाळी मागितली नाही, हे इथे कबूल करते. डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्या ताटात वाढली, बाकी कुणाला न देता. आमच्या शिक्षकी पेशात एवढ्यालाच माफी म्हणतात. त्याला ती कळली असावी, कारण त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली.

पुढचे चार दिवस भराभर गेले. एक दिवस त्सो मोरिरी, सुंदर आहे, पण ते सगळे लिहितातच. वाटेत पुगाला गरम पाण्याचे झरे, ८४ अंशांपर्यंतचे. त्या उंचीला पाणी उकळतंच तेवढ्याला, तेव्हा ते झरे चक्क उकळत असतात. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी नेटवर्कच्या बाहेर होते. नोकरीतला सगळ्यात शांत निकाल. खाऱ्या तळ्यातलं क्लोराइड मोजताना पाणी पुरेसं पातळ न करताच मी सिल्व्हर नायट्रेट सोडत बसले. अख्खी ब्युरेट रिकामी झाली तरी 'आता थांबा' सांगणारा विटकरी रंग येईना. सिल्व्हर नायट्रेटचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना माझं दुःख कळेल. वर बोटांना डाग पडले, आणि तिथल्या उन्हात ते तासाभरात काळे कुळकुळीत झाले. आमा-लेंनी माझे हात बघितले आणि तेव्हापासून मला चहा करायलाही जवळ येऊ दिलं नाही. काठावरचं मीठ मी चाखलंही. आधी खारट, मग जिभेवर बराच वेळ कडवट. पूर्वी चांगपा, म्हणजे इथले भटके मेंढपाळ, इथलं मीठ मेंढ्यांवर लादून नेत आणि त्याच्या बदल्यात जव आणत.

रात्री मॅडमनी सांगितलं की १९३२ साली येल विद्यापीठाच्या मोहिमेतून जी. एव्हलिन हचिन्सन नावाचा तरुण लडाखच्या उंच तळ्यांचा अभ्यास करायला आला होता. पुढे तळ्यांच्या शास्त्रातलं ते फार मोठं नाव झालं. तेव्हा इथे गाडीरस्ता नव्हता. हे ऐकत असताना आमच्यातल्या नाशिकच्या बँकवाल्या काकांनी तंबूत चार्जिंग पॉइंट नसल्याची तक्रार तिसऱ्यांदा केली. मीही मनातल्या मनात संडासाची करत होते. कोरडा संडास, वर माती लोटायची. तत्त्वतः उत्तम व्यवस्था. पहाटे तीन वाजता, बादलीतलं पाणी गोठलेलं असताना, तत्त्व आठवत नाही.

आणि पट्टकादंब. ते होतेच. चक्रवाकही होते, आमच्या उजनीवरचेच. पाणथळ गवतात काळ्या मानेच्या क्रौंचांची एक जोडी होती, लडाखचा राज्यपक्षी, माणसाच्या छातीएवढा उंच, डोक्यावर लाल टोपी. ती अंडी उबवत होती, म्हणून आम्ही पाचशे मीटरवरून दुर्बिणीने बघत होतो. कुजबुजत बोलत होतो. तेवढ्यात एक पांढरी गाडी रस्ता सोडून थेट गवतात घुसली, दोघं उतरले आणि त्यांनी ड्रोन उडवला. मादी घरट्यावरून उठली. इथे मोकाट कुत्री आहेत, छावण्यांच्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेली. उघडी अंडी आणि पिल्लं हे त्यांचं खाणं. आमचा ड्रायव्हर शिव्या देत धावला. साडेचार हजार मीटरवर धावणं काय असतं, ते मला माहीत होतं. मी फक्त उभी राहिले. ड्रोनवाल्यांनी "दोनच मिनिटं" असं म्हटलं, तेही मराठीत. मला इतकी लाज वाटली की मी मराठी आहे हे सांगितलंच नाही. मादी बावीस मिनिटांनी परत बसली. वेळ मी वहीत लिहिली. चाकांचे व्रण तिथे अजून काही वर्षं राहतील. त्या जमिनीला मऊ व्हायला आणि गवत भरायला घाई नसते.

निघताना वापरलेली सगळी रसायनं कॅनमध्ये भरून परत आणली, एक थेंबही तिथे ओतला नाही. माझी एक रिकामी पाण्याची बाटली मात्र मी मुद्दाम तळ्याकाठी उघडली, झाकण घट्ट लावलं आणि बॅगेत टाकली. लेहला पोचेपर्यंत तिच्या बरगड्या आत गेल्या होत्या. पुण्याच्या विमानतळावर ती चिरडल्यासारखी झाली, इंदापुरातही तशीच. झाकण तेवढंच घट्ट. हेन्रीच्या धड्याला फळ्यावर काही लिहायच्या आधी ती मुलांसमोर धरायची आणि विचारायचं की हिला कुणी दाबलं. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं. लॅबच्या कपाटात, ब्युरेटांच्या शेजारी ठेवली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा कपाट झाडून, पुसून लख्ख होतं. आमचे लॅब असिस्टंट मामा कौतुकाच्या अपेक्षेने उभे होते. "सगळा कचरा काढला मॅडम," म्हणाले, "एक चेपलेली बाटलीसुद्धा होती बघा आत, कोण ठेवतंय काय माहीत."