आरे आणि फेरे

बागेतील कीटकांची व कोळ्यांची छायाचित्रे काढून नोंदी ठेवणे हे माझे काम असल्याने, चंदेरी शिरोवक्ष आणि पिवळ्या पट्ट्यांचे उदर असलेली आर्जिओपी प्रजातीची कोळीण मी असंख्य वेळा पाहिली होती. पण तिला सुरुवातीपासून जाळे विणताना पाहण्याचा योग एकाच पहाटे आला.

मी पोहोचलो तेव्हा फाटलेल्या जाळ्याची चौकट तेवढी ठेवून बाकीचे धागे ती गोळा करून खात होती, कारण त्यातील प्रथिने नव्या धाग्यासाठी पुन्हा उपयोगी पडतात. मग मध्यापासून कडेपर्यंत तिने एकेक आरा ताणला आणि त्यांवर आतून बाहेर जाणारा एक विरळ, कोरडा फेरा घातला. हा फेरा टिकवण्यासाठी नसतोच. कडेला पोहोचताच ती उलट वळली आणि चिकट धाग्याचे दाट फेरे घालत आत येऊ लागली; मागच्या पायाने धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढचा आरा चाचपायचा, आणि वाटेत आलेला कोरडा फेरा तोडत जायचे. आठ डोळे असूनही या कोळिणींची नजर अधू असते, म्हणजे हे सारे मोजमाप पायांचेच. ते पाहताना कॅमेऱ्याचे बटण दाबायचे मी कितीतरी वेळ विसरलो.

शेवटी तिने मध्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढली आणि पायांच्या जोड्या जुळवून, फुलीसारखी, डोके खाली करून ती स्थिरावली. ही नक्षी कीटकांना भुलवते की पक्ष्यांना जाळे दाखवून दूर ठेवते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; ती रोज नक्षी काढतेच असे नाही, त्यामुळे एकच उत्तर मला पटत नाही.

उन्हे वर आल्यावर मधमाशी अडकली. कंप पोहोचताच कोळीण धावली, पण चावली नाही. मागच्या पायांनी रेशमाचा रुंद पट्टा ओढून तिने आधी माशीला गुंडाळले आणि मगच दंश केला.

दुपारी जाळ्याच्या कडेला तिच्या मानाने अगदीच चिमुकला, फिकट तपकिरी नर आला. त्याने धागा ठरावीक लयीत छेडला, तेव्हा ती धावली नाही. मीलन सुरू होऊन काही क्षणच झाले असतील, तोच तिचे मागचे पाय हलले आणि सकाळचाच तो रुंद पट्टा त्याच्याभोवती फिरू लागला. त्या दिवशीच्या भक्ष्यांच्या रकान्यात मधमाशीखाली मी नराची नोंद केली.