जेरीस आलेल्यांचा विभाग

गुडघा दाखवायला अप्पांना परळच्या हॉस्पिटलात नेलं, तर तिथून आम्हाला तिसऱ्या मजल्यावर धाडलं. दारावर पाटी : ‘जेरिअ‍ॅट्रिक ओपीडी’. अप्पांचा जन्म गिरगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला. पाटी पुरती वाचल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. चष्मा नीट करून म्हणाले, “जेरीस आलेल्यांचा विभाग दिसतोय.” बाकावरच्या आजी पदर तोंडाला लावून हसल्या.

तो ‘जेर’ फारसी. पाटीवरचा शब्द ग्रीक मुळांचा : ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण, ‘इयाट्रोस’ म्हणजे वैद्य. इग्नाट्झ नॅशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९०९ साली तो ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’च्या चालीवर घडवला. लहानग्यांना वेगळा वैद्य, मग म्हाताऱ्यांना का नको? (आपल्या वाग्भटाने आयुर्वेदाची आठ अंगं मोजताना ‘बाल’ आणि ‘जरा’ दोन्ही केव्हाच धरली होती.) ‘जेरोंटॉलॉजी’ (म्हातारपणाचा अभ्यास) हा शब्द त्याहून सहा वर्षांनी थोरला, १९०३चा. तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मेचनिकॉफचा. आतड्यांतल्या जंतूंमुळे म्हातारपण लवकर गाठतं असं त्याला वाटे, म्हणून हा नोबेलवाला रोज आंबवलेलं दूध प्यायचा. गेला एकाहत्तराव्या वर्षी. अप्पा ब्याऐंशीचे, रोज रात्री दहीभात. पण हे त्यांना सांगितलं तर भात वाढेल. मेचनिकॉफचाच ओडेसातला विद्यार्थी हाफकिन, ज्याने प्लेगच्या साथीत मुंबईत लस केली. त्याच्या नावाची संस्था याच परळमध्ये आहे.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. ग्रीक ‘गेरास’ आणि संस्कृत ‘जरा’ एकाच मुळाचे. जरठ, जर्जर, जीर्ण ही सगळी त्याच घरची मंडळी. आपला रोजचा ‘जुना’सुद्धा त्यातलाच, संस्कृत ‘जूर्ण’पासून झिजत आलेला. म्हणजे आमच्या गल्लीतला भंगारवाला “जुनं-पुराणं” म्हणून ओरडतो तेव्हा तोही ग्रीकांचा लांबचा भाऊबंदच. ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ मात्र या घरचा नव्हे; तो अरबी, कणाएवढा.

अप्पांना हे सगळं पटवेपर्यंत नंबर आला. खिडकीतली मुलगी फाइल उलटीपालटी करून म्हणाली, “आजोबा, नवीन काढावी लागेल. जुनी इथे चालत नाही.”

“जुनी चालत नाही म्हणूनच तर आलो ना,” म्हणत अप्पांनी तिला गुडघा दाखवला.