तो पांढरा डाग

"तो पांढरा डाग काढ ना, घाण दिसतोय," मैत्रीण स्क्रीनकडे बघून म्हणाली. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चकचकीत 'अ' करत होते. डाग डिलीट करून दाखवला, अक्षर जागच्या जागी मेलं. ती गप्पच.

अगं तोच तर सगळा जीव! अक्षराची कॉपी, वर एक लंबगोल, दोन्हींचं इंटरसेक्शन (म्हणजे दोन्हींचा सामाईक भाग), त्यात पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग), बस्स. जाडी एक्सट्रूडने (सपाट आकार ओढून खोली देण्याने) येते, पण उजेड वरून डावीकडून ठरवला की उजवीकडच्या आणि खालच्या कडा गडद हव्यातच, आणि गोल वळणाशी तर ग्रेडियंटची दिशा हाताने फिरवत बसावं लागतं, तिथे कुठलंच बटन कामाला येत नाही, आणि मला तेच काम सगळ्यात आवडतं.

फाइलमध्ये सगळे सपाट आकार, तरी बोट फिरवावंसं वाटतं. तुम्ही हायलाइट, म्हणजे तो पांढरा डाग, आधी ठेवता की शेवटी?