गाडी आत जाते आणि उलटी बाहेर येते

आई परवा गोव्याला, करमळीला सुखरूप पोचली. तिला एअरपोर्टवर सोडून आले आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं, म्हणून हे लिहायला बसले. मी जपानमधल्या मात्सुएत राहते हे तुम्हाला माहीत आहे, रूबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं काम आहे आणि ते काम इथे आहे म्हणून मी इथे, हे दर गणपतीला सगळ्यांना सांगून झालंय. आज लिहायचंय ते आमच्या इचिबाता रेल्वेच्या गाडीबद्दल.

शिंजी हे जवळजवळ ७९ चौरस किलोमीटरचं तळं, समुद्राचं पाणी आत येतं म्हणून मचूळ, आपल्या मांडवीच्या वरच्या अंगाला असतं तसं. त्याच्या उत्तरेच्या काठाने ही दोन डब्यांची, कधी एकाच डब्याची लोकल जाते, मात्सुएहून इझुमोपर्यंत ३३.९ किलोमीटर, एकेरी रूळ, आणि मधली बरीचशी स्टेशनं अशी की तिथे तिकीट द्यायलासुद्धा माणूस नाही. चढताना मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्यायची, उतरताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकायचे. सायकल घेऊन चढता येतं. हे बघून इथे येणारे लोक हरखून जातात पण मला त्याचं काही वाटलं नाही, दिवाडीच्या फेरीबोटीत आपण स्कूटर, सायकल, माशांच्या पाट्या सगळं घेऊन जात आलोय आणि चालत येणाऱ्याला तर पैसेही पडत नाहीत.

मला हलवून सोडलं ते इचिबाता-गुची स्टेशनने. पहिल्यांदा एकटी गेले होते तेव्हा गाडी तळ्याचा काठ सोडून आत वळली, स्टेशनात थांबली, आणि ड्रायव्हर आपली बॅग उचलून केबिनमधून बाहेर आला आणि चालत दुसऱ्या टोकाला गेला. मला वाटलं गाडी इथेच संपली, मी पिशवी उचलून उभी. मग गाडी उलटी निघाली, आलो होतो त्याच बाजूने बाहेर पडली आणि वळून पुन्हा पश्चिमेला लागली. मघाशी डावीकडे असलेलं तळं आता समोरच्या खिडकीत, आणि मी पाठमोरी प्रवास करतेय. घाट नाही, चढ नाही, सपाट भाताची शेतं, मग गाडी आत जाऊन उलटी का येते?

तर त्याचं कारण देऊळ. डोंगरावर इचिबाता याकुशीचं देऊळ आहे, डोळ्यांच्या दुखण्याला नवस बोलायचं ठिकाण. त्याची गोष्ट अशी सांगतात की योइची नावाच्या कोळ्याला समुद्रात मूर्ती सापडली आणि त्याच्या आंधळ्या आईला दिसायला लागलं. ही रेल्वे मुळात त्या यात्रेकरूंसाठी काढलेली, १९१२ मध्ये कंपनी झाली, १९१४ मध्ये इझुमोकडून पहिली गाडी धावली आणि १९१५ मध्ये रूळ थेट देवळाच्या पायथ्याला पोचले. १९२७ मध्ये वीज आली. मात्सुएचा फाटा नंतरचा, १९२८ चा, तो मधल्याच, म्हणजे या इचिबाता-गुची स्टेशनात येऊन जोडला. म्हणजे दोन्ही बाजूंचे रूळ तळ्याकडून स्टेशनात येत आणि पुढचे सरळ देवाकडे जात. मग युद्ध आलं, लोखंड हवं झालं, आणि १९४४ मध्ये देवाकडे जाणारे तीनेक किलोमीटरचे रूळ गेले ते कायमचे. उरलं ते हे टोक. तेव्हापासून रोज प्रत्येक गाडी देवाच्या दिशेने तोंड करून आत येते, थांबते आणि उलटी फिरते. ऐंशी वर्षं झाली. सरळ वळण घालून चार मिनिटं वाचवा असं सुचवावंसं मलाही पहिल्या महिन्यात वाटलं होतं, आता कोणी तसं केलं तर मी भांडेन.

आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, तेव्हा मी नव्हते, दादा-वहिनीने सगळं केलं. त्यामुळे ती आली तेव्हा तिला त्या देवळात न्यायचंच असं मी ठरवून ठेवलेलं. पायऱ्या जवळजवळ १,३०० आहेत, आम्ही गाडीरस्त्याने वर गेलो. तिने हात जोडले, सवयीने प्रदक्षिणेला जागा शोधली, आणि मंगेशीला जशी बसते तशी पायरीवर टेकली.

परत स्टेशनात आलो तर गाडी लागलेली. आईचे गुडघे दुखतात, पायरी चढायला तिला वेळ लागतो. गाडीत एक मुलगी असते, अटेंडंट, ती धावत आली आणि आईचा हात धरला. ड्रायव्हर टोक बदलून बसला होता, वेळ झालेली, मी डोळ्यांनी घड्याळ बघतेय, आणि आई खिडकीशी नीट टेकेपर्यंत गाडी हलली नाही. मग त्या मुलीने पुढे हात केला आणि गाडी सुटली. एवढंच. पण मला रडू आलं, कारण गावी याच आईला एकदा बसमधून अर्धा पाय खाली असताना घंटी वाजली होती आणि ती पडली होती.

आता लगेच म्हणू नका, हिला तिकडचं सगळं गोड लागतं. आपल्या बसमध्ये म्हाताऱ्या बाईसाठी चार पोरं उठतात, इथे कोणी पटकन उठत नाही, मान खाली घालून मोबाईल. आणि इथल्या ड्रायव्हरच्या गाडीत दुपारी आठ माणसं, आपल्या बसमध्ये ऐंशी, हेही खरंय.

आठ माणसांवर गाडी चालते कशी? चालत नाहीच. सगळ्यांकडे कार आल्यावर हिची माणसं कमी झाली. म्हणून रूळ, तारा, त्यांची देखभाल याचा भार शिमाने प्रांत आणि मात्सुए, इझुमो ही दोन शहरं उचलतात, कारण शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं दुसऱ्या कशाने जाणार. आणि २०१६ मध्ये नवे डबेही घेतले, त्याआधी ८६ वर्षं नवा डबा नाही, जुन्या आणि दुसऱ्यांच्या वापरलेल्या डब्यांवर भागवलं.

तळंही असंच लोकांनी सांभाळलंय. पहाटे होड्या उभ्या असतात, लांब दांड्याच्या दाताळ्याने शिजिमी, म्हणजे बारीक शिंपले काढतात. आईने बाजारात बघितलं आणि म्हणाली, "गो, हे आमचेच खुबे मगो, ल्हान ल्हान!" काळे, नखाएवढे, आपल्या खुब्यांचे धाकटे. किती वेळ आणि किती धरायचे हे मच्छीमारांची संस्थाच ठरवते. हे तळं गोडं करायचा सरकारी प्रकल्प १९६३ पासून चालला होता, लोकांनी विरोध लावून धरला, १९८८ मध्ये तो थांबला आणि २००२ मध्ये रीतसर रद्द झाला. २००५ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव. आपल्या कुडचड्याच्या नंदा तळ्याचंही २०२२ मध्ये लागलं, आणि मानशी, म्हणजे बांधातली दारं, उघडझाप करून खारं पाणी आवरणारी आपली खाजनं, म्हणजे खाडीकाठची शेतं, शतकांची आहेत, इथल्या ऑफिसात मी हे दोनदा चित्र काढून समजावलंय.

आमच्या करमळीच्या तळ्याच्या कडेनेही कोकण रेल्वे जातेच. लहानपणी तिथे उभं राहून बदकं मोजायचो.

काल आईने फोन केला, तळ्यावर गेली होती म्हणाली. मागे गाडी गेल्याचा आवाज आला, लांब, डबेच डबे. ती बोलायची थांबली, गाडी जाऊ दिली, आणि मग विचारलं, "त्या देवाचे रूळ परत घालतील का गं कधी?"